तेच ते वाईट स्वप्न मोडायचं कसं

आधी माती पडते. पीठ चाळताना पडावी तशी बारीक, माळवदाच्या फटीतून. मग डोक्यावरचं एक लाकूड करकरतं आणि समोरची दगडी भिंत पोटातून फुगायला लागते. मला उठायचं असतं, पण पाय गोधडीत अडकलेले असतात. भिंत अंगावर येते आणि मी ओरडत उठतो. घड्याळात तीन, साडेतीन, चार, असंच काहीतरी.

हे स्वप्न मला वयाच्या नवव्या वर्षापासून पडत होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावी गणपती विसर्जन आटोपून गाढ झोपलो होतो. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसं गेली. त्यातली दोन आमच्या घरातली. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. पुढची सत्तावीस वर्षं मी हे स्वप्न नशिबाला आलेलं म्हणून सोसत राहिलो आणि ते मोडायला प्रत्यक्षात लागले अडीच महिने. हे गणित मला अजून खुपतं, म्हणून लिहितोय.

तुम्ही भूकंपच पाहिलेला असायला हवा असं नाही. कुणाला दहावीचा पेपर कोरा दिसतो, कुणाच्या मागे कुत्री लागतात, कुणी दर आठवड्याला गेलेल्या वडिलांना हॉस्पिटलच्या त्याच खाटेवर बघतं. मोठ्या माणसांत शंभरातल्या दोन ते सहाजणांना आठवड्यातून एकदा तरी असं स्वप्न पडतं. म्हणजे तुमच्या सोसायटीत तुम्ही एकटे नाही, फक्त लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही.

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण चांगली आहे, पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. तेच ते स्वप्न पडलं की माणूस विचार करत बसतो, माझ्या मनात असं काय वसलंय? पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्वप्नाकडे चाकोरीसारखं बघितलेलं बरं. मातीच्या रस्त्यावर एकदा बैलगाडीचं चाक खोल रुतलं की पुढची प्रत्येक गाडी त्याच खाचेत जाते. पहिली गाडी कुठून आली ते माहीत असेल तर ठीक, नसेल तरी खाच बुजवता येते.

आधी ओळखा, हे वाईट स्वप्नच आहे ना?

रात्रभरात झोपेचे चार-पाच फेरे होतात, एकेक साधारण दीड तासाचा. प्रत्येक फेऱ्यात आधी गाढ झोप, आणि शेवटी असा टप्पा की बंद पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात. १९५३ साली शिकागोच्या विद्यापीठात या टप्प्याचा शोध लागला, त्याला 'रेम' झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक इथेच पडतात. त्या वेळी हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद केलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातलं पळणं पलंगावरच पळलो असतो. रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणून वाईट स्वप्न उत्तररात्री गाठतं. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' या समजुतीचं मूळही बहुधा इथेच असावं. पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं आणि आपण त्यातूनच थेट जागे होतो, म्हणून ते स्पष्ट आठवतं. खरं व्हायचा त्याच्याशी संबंध नाही.

वाईट स्वप्नासारखे दिसणारे तीन प्रकार आहेत. त्यांची वाट वेगळी, म्हणून आधी वेगळे काढू.

झोपल्यावर दीड-दोन तासांतच कुणी किंचाळून उठतं, डोळे उघडे, पण हाक मारली तर ओळखत नाही, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. हे स्वप्न नव्हे. गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं आहे, आणि ते लहान मुलांत जास्त. दुसरा प्रकार म्हणजे जाग आलेली असते, खोली दिसत असते, पण हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आपल्याकडे याला 'भुतानं दाबलं' म्हणतात. होतं इतकंच की मेंदू जागा झाला, पण रेम झोपेनं बंद केलेले स्नायू अजून सुरू व्हायचे आहेत. काही सेकंदांत, फार तर मिनिट-दोन मिनिटांत सुटतं. त्या वेळी सगळं अंग हलवायची धडपड न करता एकच करंगळी हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्या.

तिसरा प्रकार मात्र गंभीर. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वप्नात मारामारी करता करता खरोखर लाथा-बुक्क्या मारतो, पलंगावरून पडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं. यात रेम झोपेतलं स्नायूंचं कुलूप नीट लागत नाही. पुढे पार्किन्सनसारखा आजार होण्याची ही कैक वर्षं आधीची खूण असू शकते. 'आमचे हे झोपेत फार हातपाय झाडतात' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही घाबरून पूर्ण जागे होता, कुठे आहोत ते कळतं आणि स्वप्न डोळ्यांपुढे जसंच्या तसं असतं? मग पुढचं वाचा.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसती वही

शाळकरी वही आणि पेन उशाशी. मोबाइलवर लिहू नका, कारण रात्री साडेतीनला मोबाइल हातात घेतलेला माणूस साडेचारपर्यंत तो ठेवत नाही. सकाळी चार ओळी लिहायच्या: किती वाजता झोपलो, किती वाजता दचकून उठलो, स्वप्न कोणतं (एका ओळीत, वर्णन नको), आणि आदल्या दिवशी काय काय झालं. यातच गोळ्या, चहा, दारू, भांडण, प्रवास आणि उशिराचं जेवण.

मला स्वप्न 'कधीही' पडतं असं वाटायचं. वहीनं ते खोटं ठरवलं. माझं घर पुण्यात हमरस्त्याला लागून आहे. रात्री खडी भरलेला डंपर गेला की खिडकीची काच बारीक थरथरते. ज्या रात्री बांधकामाच्या गाड्यांची वर्दळ, त्या रात्री भिंत. दुसरी गोष्ट कळल्यावर तर मी कपाळावर हात मारला. गणपतीचे दहा दिवस. ढोल-ताशाची पथकं महिनाभर आधीपासून सराव करतात, तो ठोका कानांपेक्षा छातीत आणि फरशीत जास्त जाणवतो. शिवाय विसर्जन, शिवाय सप्टेंबर. एवढी वर्षं या दिवसांत मी चिडचिडा होतो हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं.

उपाय साधा निघाला. पलंग खिडकीपासून आतल्या भिंतीला लावला आणि पलंगाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले. स्वप्न थांबलं नाही, पण कमी झालं. तुमच्या वहीत डंपर नसेल, सासरचा फोन असेल किंवा रात्री दहाच्या बातम्या असतील. दोन आठवड्यांत काहीतरी दिसतंच.

दुसरी पायरी: गोळ्यांचा डबा आणि ग्लास तपासा

हे लोक विसरतात. बरीच औषधं स्वप्नं भडक करतात. रक्तदाब किंवा धडधडीवरच्या प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, पार्किन्सनवरचं लेव्होडोपा, स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल, सिगारेट सोडायला देतात ती व्हॅरेनिक्लिन. लहान मुलांना दमा-सर्दीसाठी सर्रास दिली जाणारी माँटेल्युकास्ट घ्या. तिच्यामुळे झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० साली तिच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. स्वप्नं सुरू झाली तो महिना आणि नवी गोळी सुरू झाली किंवा तिचा डोस बदलला तो महिना जुळतो का, ते बघा. जुळत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. झोपेची किंवा नैराश्याची गोळी अचानक तोडली तर स्वप्नं उलट उसळून येतात.

दारूचं गणितही असंच आहे. दोन पेग मारले की डोळा लवकर लागतो हे खरं. पण दारू पूर्वरात्रीची रेम झोप दाबून टाकते, आणि मध्यरात्रीनंतर नशा उतरली की दबलेलं सगळं एकदम वर येतं. पहाटे तीनला घामाघूम होऊन उठणाऱ्या कितीजणांचा इलाज फक्त इथेच आहे. गांजा सोडल्यावरही पहिले काही आठवडे भयंकर स्वप्नं पडतात. तेवढ्यासाठी पुन्हा सुरू करू नका, ती ओसरतात.

आणि घोरणं. घोरता घोरता श्वास अडकतो, मग फुरफुर करून पुन्हा सुरू होतो, सकाळी डोकं जड असतं, आणि स्वप्नात बुडणं नाहीतर गळा दाबणं येतं? मग मनाच्या आधी श्वासाची तपासणी करा. रात्रभराची झोप-तपासणी बहुतेक मोठ्या शहरांत होते. श्वास सुरळीत ठेवणारं यंत्र लावल्यावर स्वप्नंही थांबलेली पुष्कळ माणसं आहेत.

तिसरी पायरी: झोपायलाच भीती वाटते, ती आधी

वाईट स्वप्नांचा खरा त्रास दिवेलागणीला सुरू होतो. मी बारा-एकपर्यंत काहीबाही बघत बसायचो, कारण झोपलो की भिंत. झोप कमी पडली की मेंदू पुढच्या रात्री रेमची थकबाकी वसूल करतो, लवकर आणि जोरात. म्हणजे स्वप्न टाळायला जागायचं आणि जागल्यामुळे स्वप्न पडायचं.

यावर एकच गोष्ट कटाक्षानं करा: उठायची वेळ बांधा. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी चालेल, पण सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा, रविवारीसुद्धा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. पलंगावर ऑफिसचं काम, जेवण, हिशेब काही नको. आणि वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, जांभई आली की परत या. पलंग म्हणजे तळमळायची जागा अशी सवय शरीराला लागलेली असते, ती अशीच सुटते.

आमच्या आजीचे उपाय दोन होते. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तेव्हा लेकरू दचकतंय म्हणून ती माझ्या उशाखाली विळा ठेवायची आणि रामरक्षा म्हणायची. विळ्याबद्दल माझं मत असं की ठेवायचाच असेल तर पलंगाखाली ठेवा, झोपेत हात जातो. रामरक्षेला मात्र मी हसणार नाही. रोज त्याच वेळी, त्याच आवाजात, त्याच लयीत काहीतरी कानावर पडणं हा शरीराला 'आता निजायचं' असा निरोप असतो. रामरक्षा म्हणा, दुआ म्हणा, नुसतं पायांना तेल चोळा. रोज तेच करा.

चौथी पायरी: दचकून उठल्यावरची पाच मिनिटं

पडून राहून स्वप्न पुन्हा आठवू नका. त्यानं खाच आणखी खोल होते.

उठून बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकवा, गार फरशी असेल तर उत्तम. दिवा मंद, पण लावा. आता जे दिसतंय ते मनात नाव घेऊन मोजा: पंखा, कपाट, खुंटीवरची पिशवी, मुलाचा पाण्याचा डबा, कॅलेंडर. आजची तारीख म्हणा. आपलं वय म्हणा. हे बावळटपणाचं वाटेल, पण स्वप्नात मी नऊ वर्षांचा असतो. 'मी एकेचाळीस वर्षांचा आहे, हे पुणं आहे, ही काँक्रीटची बिल्डिंग आहे' एवढं म्हटल्यावर पोटातली कळ निम्मी होते. मग श्वास: चार मोजून आत, सहा किंवा आठ मोजून बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, धडधड त्यानं उतरते. पाणी प्या. घामानं भिजलेला बनियन बदला. ओल्या कपड्यात परत झोपलं की शरीराला अजून तेच चाललंय असं वाटतं.

शेजारी झोपणाऱ्यांसाठी दोन शब्द. गदागदा हलवून उठवू नका. आधी नाव घेऊन हाक मारा, मग खांद्याला हात लावा. आणि 'काय दिसलं, काय दिसलं' असं लगेच विचारू नका. माझी बायको नुसतं 'घरी आहेस' म्हणते आणि कूस बदलते. पंधरा वर्षांत यापेक्षा चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

पाचवी पायरी, खरं काम: स्वप्न दिवसा नव्यानं लिहायचं

आतापर्यंतचं सगळं मशागत होतं. हे पेरणं आहे.

कल्पना इतकी साधी आहे की मला आधी थट्टाच वाटली. पुन्हा पुन्हा पडणारं स्वप्न दिवसा, पूर्ण जागेपणी घ्यायचं, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचं. बस. बॅरी क्रॅकाव या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत नीट तपासली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. फक्त तीन बैठकांत पद्धत शिकवली, आणि सहा महिन्यांनीही शिकलेल्या स्त्रियांची स्वप्नं कमी झालेली आणि झोप सुधारलेली होती. अमेरिकेतली झोपतज्ज्ञांची संघटना आज वारंवारच्या वाईट स्वप्नांवर हाच उपाय सुचवते.

आपल्याकडे याची एक जुनी सावलीही आहे. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत. त्यातले पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, हव्याशा वाटणाऱ्या आणि कल्पिलेल्या गोष्टींचे पाच प्रकार निष्फळ, म्हणजे त्यांतून भविष्य काढू नका. आणि वाईट स्वप्नानंतर लगेच चांगलं पडलं तर फळ चांगल्याचं, असंही म्हटलंय. दुसरं स्वप्न पहिल्यावर मात करतं ही जाण तेव्हाही होती.

आता करायचं कसं. सगळ्यात भयंकर स्वप्नापासून सुरुवात करू नका. हात बसायला हलकं स्वप्न घ्या. माझं हलकं स्वप्न एसटीचं होतं. उमरग्याचा स्टँड, हातात हॉल तिकीट, गाडी हलते, मी पळतो, पाय चिखलात रुतल्यासारखे, गाडी लहान लहान होत जाते. हे जुनं स्वप्न एकदाच, चार ओळींत लिहा. रंगवू नका. मग पान उलटा.

कोऱ्या पानावर नवं लिहा, वर्तमानकाळात. बदल कुठलाही चालेल, पण घात व्हायच्या आधी करा. माझं असं झालं: गाडी हलते. कंडक्टरला आरशात मी दिसतो. तो दोरी ओढतो, एकच घंटी. (डबल वाजली की निघायचं, एक वाजली की थांबायचं, हे एसटीनं फिरलेल्याला सांगायला नको.) ब्रेकचा फुस्स आवाज. मी चढतो. रेक्झिनची सीट उन्हानं तापलेली, डिझेलचा वास, आणि कंडक्टर विचारतो, 'सुट्टे हायत का?'

वास, स्पर्श, आवाज घालायचे ते अशासाठी की मेंदूला पकडायला काहीतरी लागतं. 'आणि मग सगळं छान झालं' असं लिहिलं तर रात्री त्याला पकडता येत नाही. तापलेली सीट पकडता येते.

मग रोज एका ठरलेल्या वेळी, दिवसा, बसून, डोळे मिटून नवं स्वप्न पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. मी जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून बघायचो. जुनं उजळायचं नाही, चुकून आलं तर डोळे उघडून पुन्हा नव्यापासून सुरू करायचं. अकराव्या रात्री एसटी आली. मी पळत होतो, पण पळता पळता खिशात सुट्टे शोधत होतो. हसतच जाग आली.

भिंतीकडे मी महिन्याभरानं वळलो, आणि पहिला प्रयत्न फसला. मी लिहिलं की भिंत फुगते आणि मी ती दोन्ही हातांनी थोपवून धरतो, सिनेमातल्या हिरोसारखी. सराव करताना छाती आवळायला लागली, दोन दिवसांत सोडून दिलं. चूक अशी की मी भिंत फुगेपर्यंत थांबत होतो. तोवर उशीर झालेला असतो. तुमच्याही बाबतीत सरावानं घाबरायला होत असेल तर वळण आणखी आधी आणा, माती पडायच्याही आधी.

दुसऱ्या वेळी असं लिहिलं. मी गोधडीत आहे. बाहेर अंगणातून आजीची हाक येते, 'आरं, भाईर ये. चप्पल घालून ये, काटे हायत.' (त्या रात्री आजी खरंच अंगणात बाजेवर झोपली होती, म्हणून वाचली.) मी चपला शोधतो, एक सापडते, दुसरी बाजेखाली असते. कडी काढतो, ती गार लागते. बाहेर चांदणं, कडुनिंब, गाय रवंथ करतेय. मी बाजेच्या पायथ्याशी बसतो. मागे घर उभं आहे.

इथे मी अडलो. घरातल्या त्या दोघांचं काय? ते आत आहेत आणि मी चपला घालून बाहेर येतोय, हे मला लिहवेना. तेव्हा मी एका समुपदेशक बाईंकडे जात होतो. त्या म्हणाल्या, 'हा पंचनामा नाही. तुम्हाला कोणी सही करायला सांगत नाही. त्यांना कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.' मी घरी आलो आणि दोघांनाही आधीच बाजेवर आणून बसवलं. त्या दिवशी सराव रडत झाला. अशा दिवशी दहाची पाचच मिनिटं केली तरी पुरे, नंतर भाजी आणायला नाहीतर चालायला बाहेर पडा.

रोजचा सराव साधारण तीन-चार आठवडे धरा. फरक गडबडीनं येत नाही. आधी स्वप्न तेच पडतं, पण धार कमी होते. मग त्यात एखादी नवी वस्तू घुसते. मग आठवडा जातो, आठवत नाही. स्वप्न नव्यासारखंच पडायला हवं असं नाही, बहुतेकांना तसं पडतही नाही, नुसतं जुनं पडणं कमी होतं.

घरात लहान मूल दचकत असेल तर

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाईट स्वप्नं पडणं नेहमीचं आहे, बरीचशी आपोआप जातात. 'त्यात काय घाबरायचं, मोठा झालास ना' हे म्हणू नका. जवळ घ्या, दिवा लावा, त्याच्याच पलंगावर झोपवा. सकाळी कागद-खडू देऊन त्या राक्षसाचं चित्र काढायला लावा आणि पुढे काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या. मुलं यात आपल्यापेक्षा हुशार असतात. माझ्या पुतणीनं तिच्या वाघाला रेनकोट घातला, मग तो वाघ कुणालाच घाबरवू शकला नाही. पूर्वरात्री ठराविक वेळी किंचाळून उठणाऱ्या मुलाला काही दिवस त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच जागं करून पुन्हा झोपवलं तर फायदा होतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं

स्वप्न एखाद्या खऱ्या घटनेचं असेल, आणि दिवसाही ती घटना अंगावर येत असेल, आवाजानं दचकायला होत असेल, तिथली वाट टाळावी लागत असेल, तर एकट्यानं वही घेऊन बसू नका. मनोविकारतज्ज्ञ किंवा आघातांवर काम करणारे समुपदेशक सोबत हवेत. मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी पुढची सहा वर्षं पुन्हा कुणाकडे गेलो नाही. ती माझी चूक. एकानं ऐकलं नाही तर दुसरा बघायचा. औषधांत प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध काहींना उपयोगी पडतं. २०१८ साली अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, त्यामुळे ते कुणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

आणि एक गोष्ट न कचरता सांगतो. वारंवार वाईट स्वप्नं पडणाऱ्यांत जीव नकोसा वाटण्याचे विचार जास्त आढळतात. झोप नाही, सुटका नाही, रात्र आली की पोटात गोळा, तर असं वाटणं समजण्यासारखं आहे. तसं वाटत असेल तर आज, आत्ता, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही.

माझी वही अजून उशाशी असते, पण महिनोन्महिने कोरी. गेल्या गणपतीत, विसर्जनानंतरच्या रात्रीची नोंद अशी आहे: '३.२०. माती पडली. चपला शोधत होतो, एकच सापडली. उठलो. पाणी प्यायलो. परत झोपलो ते साडेसहाला गजर झाल्यावरच उठलो.'